खेळाच्या नमुन्यासाठी स्वस्त पत्ते कसे करावेत? मदत हवी आहे

नमस्कार. रावेरच्या केळीबागेतून दिल्लीच्या बाजारात माल पोहोचवण्याचा ५४ पत्त्यांचा एक खेळ मी घरी रचत आहे. ६३ × ८८ मि.मी. मापाचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर बसतात, म्हणून जळगावात ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाच्या जाड आर्ट कार्डावर सहा कागद छापून घेतले. परंतु कात्रीने कापताना कडा वाकड्या झाल्या, मागची नक्षी सरकली आणि हातातला पत्ता पाठीवरूनच ओळखू येऊ लागला. (भाच्याने हे माझ्याआधी हेरले आणि तीन डाव जिंकले!) नियम सतत बदलत असल्याने दर वेळी नवी छपाई परवडत नाही. जुन्या कॅटमधला पत्ता आणि साध्या कागदाची चिठ्ठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालण्याचा उपाय कोणी केला आहे का, आणि अशी पाकिटे भुसावळ किंवा धुळ्यात मिळतात का, हे कृपया कळवावे.