तीनचाकी एटीसी घ्यायचीय: टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

सांगलीकर_सॅनडिएगो:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली सॅन डिएगोत, ऑफिसातले दोघं-तिघं दर थंडीत ग्लॅमिसला, म्हणजे इथल्या वाळूच्या टेकड्यांत, गाड्या घेऊन जातात. मागच्या थँक्सगिव्हिंगला मीपण गेलो आणि तिथं एका आजोबांनी त्यांची जुनी तीनचाकी होंडा पाच मिनिटं हातात दिली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. क्वाड (चारचाकी) नको, तीनच चाकांची हवीय. बायको म्हणते मग सरळ रिक्षाच घे.
तर दोन गाड्या बघून ठेवल्यात. एटीसी म्हणजे होंडाची तीनचाकी. एक १९८५ ची एटीसी २५०आर, टू स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, तो ४ हजार डॉलर सांगतोय. दुसरी १९८४ ची एटीसी २००एक्स, फोर स्ट्रोक, १८०० ला. मन २५०आरकडे ओढतंय कारण कॉलेजात आरएक्स १०० होती आणि तो आवाज अजून कानात आहे. पण वाळूत मी अगदीच नवशिका. ऑइल मिसळायची कटकट किती असते? आणि पहिली गाडी म्हणून तुम्ही कुठली घेतली असती, खरंखरं सांगा.

फिनिक्सचे_अण्णा:
माझ्याकडे दोन्ही होत्या म्हणून लिहितो, जरा लांबेल.
आधी एक लक्षात घे, या गाड्या म्हाताऱ्या आहेत. १९८८ मध्ये कंपन्यांनी इथल्या सरकारशी समझोता केला आणि तीनचाकी विकणं बंद केलं, पुढं २००८ च्या कायद्याने नवीन आणायचीही सोय उरली नाही. म्हणजे तू बघतोयस त्या दोन्ही चाळिशीतल्या बाया आहेत, आधीच्या मालकांनी काय काय केलंय ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे स्ट्रोक नंतर, हालत आधी.
आता मुद्दा. मागचा ॲक्सल सलग आहे, डिफरन्शियल नाही, मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात म्हणून हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. वळायला अंग आत टाकायचं, बाहेरच्या फूटपेगवर भार द्यायचा आणि गॅसवर मागचं टोक घसरवायचं. म्हणजे तीनचाकीत वळणंसुद्धा थ्रॉटलवर असतं, आणि इथंच टू स्ट्रोक नवशिक्याला फसवतो. कमी आरपीएमला काही नाही, काही नाही, आणि मग पॉवरबँडमध्ये, म्हणजे इंजिन खरी ताकद देतं त्या आरपीएमला, आली की एकदम सगळी ताकद येते, पुढचं एकुलतं एक चाक हवेत. हवेतल्या चाकानं वळणार कसा सांग. २००एक्स मात्र जेवढा गॅस देशील तेवढीच येते, पुढचं चाक कधी उचलायचं ते तू ठरवतोस.
माझं सांगतो. २५०आर घेऊन पहिल्याच सीझनला एका मोठ्या टेकाडावर तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, अर्ध्यात आरपीएम पडला, पॉवरबँडच्या खाली गेलो आणि गाडी नुसती घुंघुं करत बसली. क्लच मारून परत उठवायच्या ऐवजी घाबरून वळवायला गेलो. उतारावर आडवी तीनचाकी म्हणजे संपलं, आम्ही दोघं गडगडत खाली, खांदा सहा आठवडे पट्ट्यात. चूक शंभर टक्के माझी, पण २००एक्सवर तसाच अर्ध्यात अडकलो असतो तर ती बहुतेक ढकचिक ढकचिक करत वर गेली असती.
पहिली गाडी २००एक्स. २५०आर दोन वर्षांनी घे.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक:
अण्णा तुमचं पडलेलं वाचून वाईट वाटलं पण टू स्ट्रोकची एवढी बदनामी करू नका राव 😀 आमचं गॅरेज आहे, आरएक्स, यझदी, जुन्या लुना सगळं येतंय, एटीसी काय हातात आली नाही पण इंजिन शेवटी इंजिनच.
टू स्ट्रोकात क्रँकच्या दर फेऱ्याला स्फोट, फोर स्ट्रोकात दोन फेऱ्यांनी एक, म्हणून तेवढ्याच सीसीत टू स्ट्रोक जास्त ओढतंय. आणि आत आहे काय, पिस्टन, रिंगा, क्रँक, रीड व्हॉल्व्ह. कॅम नाही, टायमिंग चेन नाही, वरती व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन रिंगा बदलायच्या तर संध्याकाळी बसलास तर जेवायच्या आत गाडी चालू. फोर स्ट्रोकचा व्हॉल्व्ह वाकला की हेड उतरव, सीट घास, गाईड बघ, पैसे आणि दिवस दोन्ही जातात.
ऑइलचं म्हणशील तर भावा, तुझ्या आरएक्सला वेगळी टाकी होती आणि पंप आपोआप ऑइल द्यायचा. २५०आरला तसं नाही, लुनासारखं पेट्रोलमध्येच मिसळायचं. बत्तीसाला एक धरलंस तर लिटरला साधारण ३१ मिली, तिकडच्या गॅलनला ४ औंस. मापाचं भांडं ठेव, अंदाजानं ओतू नको. आणि जास्त ऑइल घातलं की इंजिन सुरक्षित असं समजू नको, ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट लीन होतंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू पण नको, तिकडं त्यात इथेनॉल असतंय, ते पाणी ओढतंय.
अजून एक जे कुणी सांगत नाही. टू स्ट्रोकात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातंय. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडलीस तर इंजिन फिरतंय जोरात पण ऑइल जवळजवळ नाहीच. तिथं पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरात जाम होतो. अधूनमधून क्लच दाबून जरा गॅस मारायचा. इंजिन ब्रेकिंग पण नसल्यात जमा, ब्रेकवर उतरायचं.
बघायला जाशील तेव्हा सायलेन्सरचा पाइप सोडव, पोर्टमधून टॉर्च मार आणि किक हळू दाबत पिस्टन वर-खाली कर. पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा दिसल्या तर कधीतरी पकडलेला आहे. मालक काय बी सांगू दे, पिस्टन खोटं बोलत नाही. आणि गाडी बरीच वर्षं उभी असेल तर क्रँकची सील वाळलेली असतात, तिथनं हवा ओढली की मिश्रण लीन आणि परत तेच, जाम.

फ्रीमाँटची_मावशी:
दोघांचं भांडण छान आहे 😄 मी आणि माझा नवरा पिस्मोजवळ ओशिआनो ड्यून्सला जातो, माझी जुनी फोर स्ट्रोक तीनचाकी आहे. मी फक्त कागदाचं आणि पायाचं सांगते.
कागद: कॅलिफोर्नियात २००३ च्या आधीच्या मॉडेलला ग्रीन स्टिकर (बारा महिने फिरवायची परवानगी) मिळतो, टू स्ट्रोक असली तरी, त्यामुळे त्या काळजीनं २५०आर सोडू नकोस. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी) मात्र लागतो, आधीच्या मालकाने हौसेनं नळकांडं लावलेलं असेल तर रेंजर तिथंच थांबवतो. आवाजाची मर्यादा १९८६ च्या आधीच्या गाडीला १०१ डेसिबल आणि नंतरच्यांना ९६, तुझ्या दोन्ही जुन्या गटात बसतात. ग्लॅमिसला उंच काठीचा झेंडा लागतो, जमिनीपासून ८ फूट, नाहीतर टेकाडाच्या पलीकडून येणाऱ्याला तू दिसतच नाहीस. हेल्मेट सांगायला नको.
पाय: पडतोय असं वाटलं की मोटरसायकलवाल्याचा पाय आपोआप खाली जातो. तीनचाकीवर तो पाय मागच्या टायरखाली जातो. तू आरएक्स चालवलेला, तुला ही सवय नक्की असणार. पहिले दोन दिवस सपाट वाळूवर, पाय फूटपेगला बांधलेत असं समजून फिर. उंच बूट घे. माझ्या पोटरीवर टायरच्या नक्षीचा डाग चार महिने होता.

सांगलीकर_सॅनडिएगो:
सगळ्यांचे आभार, शनिवारी दोन्ही बघून आलो.
२५०आरवाला म्हणाला नुकताच टॉप एंड (पिस्टन, रिंगांचं काम) केलाय, हात पण लावायची गरज नाही. मी म्हटलं पाइप सोडवून बघू का. त्याचा चेहरा जरा पडला पण हो म्हणाला. टॉर्च मारली तर पिस्टनवर दोन उभ्या रेघा, नखानं कोरल्यासारख्या. पोर्टच्या काठालाही चकाकी होती. काही बोललो नाही, पाइप परत बसवून दिला आणि चहा नको म्हणून निघालो.
२००एक्सवाल्याकडे गेलो तर इंजिन आधीच गरम! मग गार असताना कशी चालू होते ते कळणार कसं? हात लावला आणि म्हटलं उद्या सकाळी येतो, तोपर्यंत चालू करू नका. रविवारी सकाळी गार इंजिन, चोक ओढून चौथ्या किकला चालू झाली, जरा निळसर धूर आला आणि मिनिटाभरात गेला. वरती टायमिंग चेनचा कटकट आवाज आहे, मागचं मडगार्ड तडकलंय, सीट कुणीतरी उशीच्या अभ्र्याच्या कापडानं शिवलीय. १६०० ला ठरवली.

फिनिक्सचे_अण्णा:
छान केलंस. आधी टायमिंग चेन ॲडजस्ट कर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) बघ, ऑइल बदल, मग वाळू. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन तेलात भिजवून पिळून लाव, वाळूचा एक कण आत गेला की रिंगा खातो.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक:
रेघावाली २५०आर तीन हजाराच्या आत देत असेल तर मला सांग, बोअर करून (सिलिंडर आतनं घासून) नवा पिस्टन टाकला की नवरीसारखी हुईल. मजा करतोय. पण खरंच विचारून ठेव.

सांगलीकर_सॅनडिएगो:
विचारलं, ३८०० च्या खाली येत नाही म्हणतो 😂
एक शेवटचं. टायरवर अडीच पीएसआय लिहिलंय आणि माझ्या कारच्या टायर गेजचा काटा पाचाच्या खाली हलतच नाही. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ का?

फ्रीमाँटची_मावशी:
नको. एटीव्हीचं (अशा वाळूत-मातीत चालवायच्या गाड्यांचं) लो प्रेशर गेज वेगळं मिळतं, दहा-पंधरा डॉलरला, ते घे. मागच्या दोन टायरांत अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि तू दिवसभर हँडलशी भांडत बसशील.