श्रीमंती नव्हे, चिकाटी

जुन्या काळच्या निसर्गशोधकांबद्दल 'घरचे गडगंज, म्हणूनच डोंगर भटकायला मोकळे' असं एक मत असतं. ते जर्मन निसर्गअभ्यासक हम्बोल्टला लागू पडतं, सरसकट नाही. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस घ्या. यॉर्कशायरच्या शाळामास्तराचा मुलगा, तब्येत कायम तोळामासा, आणि १८४९ ते १८६४ ॲमेझॉन नि अँडीजमध्ये! वाळवलेल्या वनस्पतींचे संच युरोपात विकून खर्च भागवायचा. जीव मात्र मॉससारख्या शेवाळांवर, ज्यांना गिऱ्हाईक जवळपास नाहीच.

१८६० मध्ये पाठ आणि पाय धड साथ देत नसताना त्याने इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वताच्या उतारावर सिंकोनाचं काम अंगावर घेतलं. हिवतापावरचं औषध कोयनेल याच झाडाच्या सालीतून निघतं. लाखभर बिया गोळा केल्या, रॉबर्ट क्रॉस या माळ्याच्या मदतीने रोपं वाढवली. मग पेट्यांत भरून तराफ्यावरून ग्वायाकिल बंदराकडे. वाटेत प्रवाहाने तराफा काठच्या झाडाझुडपांत नेऊन घुसवला, तरी रोपं वाचली. या बियांची झाडं पुढे आपल्या निलगिरीत वाढली. स्प्रूसचं काय? १८६१ मध्ये पैसे ठेवलेली पेढी बुडाली, साठवलेली पुंजी गेली. ब्रिटिश सरकारने १८६५ मध्ये पेन्शन दिलं, वर्षाला अवघे ५० पौंड. तेही मित्रांनी खटपट केली तेव्हा.