मार्चमध्ये ‘लुडविग १’, आता ‘सिंक्लेअर ३’ – केसगळती वाढली असं धरायचं का?

वाघोलीकर
वय ३६. मार्चच्या कागदावर ‘लुडविग १’ होतं, आता दुसऱ्या डॉक्टरांनी ‘सिंक्लेअर ३’ लिहिलंय. म्हणजे सहा महिन्यांत दोन पायऱ्या पुढे? भांग रुंद झालाय, कपाळावरची केसांची रेषा मात्र जागच्या जागी आहे. इकडे टँकर-बोअरचं जड पाणी आहे, त्याचा काही संबंध?

भांगरेषा
ताई, या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका, बायकांच्या केसगळतीच्या या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. लुडविग यांनी १९७७ मध्ये तीन पायऱ्या मांडल्या: टाळूवर विरळपणा जाणवतो ती पहिली, त्याच भागात तो ठळक होतो ती दुसरी, तिथे जवळपास टक्कल पडतं ती तिसरी. पुढची रेषा तिन्हींत शाबूत राहते. सिंक्लेअरच्या पाच पायऱ्या, आणि त्यातली पहिली म्हणजे निरोगी डोकं! दुसरीत भांग रुंदावतो, तिसरीत भांगाच्या दोन्ही बाजूंचे केसही पातळ होतात. म्हणजे लुडविग १ साधारण सिंक्लेअर २-३ च्या घरातच बसतं.

खरी तुलना फोटोचीच. केस धुऊन पूर्ण वाळवा, तेल अजिबात नको (तेलकट किंवा ओल्या केसांत भांग उगाच रुंद दिसतो). भांग बरोबर मधोमध पाडा. दिवा, खोली, फोनचं अंतर दर वेळी तेच ठेवा. दर तीन महिन्यांनी एक फोटो पुरे. डोक्याच्या मागेही एक भांग पाडून त्याचा फोटो घ्या. पुढचा भांग मागच्यापेक्षा रुंद असेल तर ही पॅटर्नची गळती (भांगापासून हळूहळू विरळ होत जाणारी, जिच्यासाठी या पायऱ्या आहेत) असण्याची शक्यता जास्त.

त्वचा-कट्टा
पुढे-मागे सारखीच गळती आणि मूठमूठ केस हातात येत असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन बघा, तेव्हा मोठा ताप किंवा आजार झाला होता का. पुण्यात भाद्रपदात डेंगी झाला की दिवाळीच्या सुमारास केस गळतात ते यामुळेच. बाळंतपणानंतरही तसंच. ही गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते, तिला पायरी लावायची नसते.

पाण्याचं म्हणाल तर जड पाण्याने केस राठ होऊन तुटतील, पण मुळं बारीक होत नाहीत. कंगव्यातला केस उजेडात धरा: टोकाला पांढरा ठिपका असेल तर मुळापासून गळला, नसेल तर मध्येच तुटला.

हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

भांगरेषा
मिनॉक्सिडिल (टाळूवर लावायचं केसगळतीचं औषध) दिलं असेल तर ते कोरड्या टाळूवर, भांग पाडत पाडत लावायचं. केसांवर ओतून उपयोग नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढते आणि बऱ्याच जणी नेमकं तिथेच सोडून देतात. चार ते सहा महिन्यांआधी निकाल ठरवू नका. गरोदरपणात किंवा दिवस जायचा विचार असेल तर ते लावायचं नाही, हे आधीच डॉक्टरांशी बोला.

त्वचा-कट्टा
एक राहिलं. कपाळाची रेषा मागे सरकू लागली आणि भुवयाही विरळ होऊ लागल्या, तर या दोन्ही मोजपट्ट्या लागू नाहीत. तो वेगळाच आजार असू शकतो; त्यात मुळाच्या जागी व्रण बनतो आणि गेलेला केस परत येत नाही, म्हणून त्याच आठवड्यात दाखवा.