मदत हवी आहे: जून २००९ नंतर इराकमधल्या अमेरिकन सैनिकाचा दिवस कसा जायचा?

बगदादमधल्या एका अमेरिकन पायदळ तुकडीवर दीर्घकथा लिहितोय. काळ जून-जुलै २००९, म्हणजे शहरांची सुरक्षा इराकी दलांकडे सोपवली गेली तेव्हाचा. कागदावरचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिका आणि इराक यांच्यातला द्विपक्षीय करार १ जानेवारी २००९ पासून लागू झाला. लढाऊ तुकड्यांनी ३० जूनपर्यंत शहरं आणि गावं सोडायची, कारवाईला इराकी सरकारची संमती घ्यायची, पकडलेला माणूस २४ तासांत इराकी अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यायचा, एवढं कराराच्या मूळ मसुद्यात वाचलं. त्या वेळच्या बातम्याही चाळल्या, पण त्यात सगळे जनरल आणि मंत्रीच बोलतात. साधा शिपाई कुठेच भेटत नाही.

अडलंय ते इथे. २००७ पासून हे लोक वस्त्यांमधल्या संयुक्त चौक्यांत इराकी जवानांच्या शेजारी राहत होते. तिथून शहराबाहेरच्या तळावर गेल्यावर सकाळी उठून करायचे काय? गस्त पूर्ण बंद, की इराकी गाडी सोबत आली तरच बाहेर? माझ्या नायकाला मी सध्या सारखा वाट बघत बसवलंय, आणि ते मलाच खोटं वाटतंय.

चकमकींचे किस्से नकोत, अफगाणिस्तानचे दाखलेही नकोत. तिथलं हस्तांतरण २०११ पासूनचं आणि वेगळ्या पद्धतीचं. इंग्रजी वाचायला अडचण नाही.

तर नेमकं विचारायचं ते असं: ३० जूननंतर प्लाटूनला शहरात जायचं असेल तर सोबतीला इराकी तुकडी कोण मागायचं, किती आधी, आणि ती आलीच नाही तर त्या दिवशी सैनिक काय करायचे?