काचबिंदू: एसएलटी लेझर की मोतीबिंदूसोबत स्टेंट?

डिचोलीकर
बाबांचं वय ६८, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. दाब उतरवायला रात्री लॅटानोप्रोस्टचे थेंब, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचे. तरी डोळ्याचा दाब उजवीकडे २२, डावीकडे २४. डाव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका तपासतात ती) वरच्या भागात डाग दिसतोय. मोतीबिंदूही पिकत आलाय. म्हापशातले डॉक्टर लेझर सांगतात, पणजीतले म्हणतात मोतीबिंदू काढतानाच स्टेंट, म्हणजे पाणी निचरायची बारीक नळी, बसवू. कुणाचं ऐकायचं? चवथ जवळ आलीय आणि गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बाबाच बांधतात, म्हणून तारखेचाही प्रश्न आहे.

कोन_बघा
आधी फाइलमध्ये गोनिओस्कोपीची नोंद शोधा. डोळ्यावर आरशाची भिंग ठेवून पाणी निचरा होण्याचा कोन उघडा आहे की बंद, ते त्यात बघतात. हे बघितलंच नसेल तर दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कोन बंद असेल तर एसएलटीचा, म्हणजे कोनातल्या निचऱ्याच्या जाळीवर मारायच्या लेझरचा, उपयोग नाही. तिथे याग लेझरने बुबुळाच्या कडेला बारीक छिद्र पाडतात, किंवा मोतीबिंदू काढला की कोन बऱ्याचदा आपोआप मोकळा होतो.

आणि 'लेझर' म्हणजे कोणतं, ते विचारा. मोतीबिंदूनंतर भिंगामागची धूसर झालेली पिशवी साफ करायचं याग मशीन बऱ्याच ठिकाणी असतं, पण ते १०६४ नॅनोमीटरचं. एसएलटी ५३२ नॅनोमीटरचं असतं, झोत ३ नॅनोसेकंदांचा, ठिपका ४०० मायक्रॉनचा. बधिर करणारे थेंब घालून पूर्ण वर्तुळात साधारण १०० ठिपके मारतात. ऊर्जा ०.८ मिलिज्यूलच्या आसपास सुरू करून बारीक बुडबुडे दिसू लागेपर्यंत कमी-जास्त करतात. कोनात रंगद्रव्य खूप असेल तर मात्र कमीवर सुरुवात आणि पहिल्यांदा अर्धंच वर्तुळ, नाहीतर दाब एकदम उसळतो. म्हणून आधी-नंतर दाब उतरवणाऱ्या ब्रिमोनिडिनचा थेंब आणि तासाभराने पुन्हा दाब मोजायचा. न मोजता घरी पाठवत असतील तर तिथेच बसून राहा.

परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी कळतो, तोवर थेंब बंद करायचे नाहीत. पुढे काही वर्षांनी असर ओसरला तर लेझर पुन्हा करता येतं.

सुई_आणि_स्टेंट
वरचं बरोबर आहे, पण मोतीबिंदू काढायचाच असेल तर हिशेब बदलतो. त्याच छेदातून निचऱ्याची जाळी मोकळी करता येते. आयस्टेंट इंजेक्ट म्हणजे टायटॅनियमचे दोन सूक्ष्म स्टेंट, प्रत्येकी मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढे. काहीही आत न ठेवता जाळीची पट्टीच काढायची तर काहूक ब्लेड, किंवा वाकवलेली साधी २६ गेजची सुई. सुईवाल्या पद्धतीत इम्प्लांटचा खर्चच नाही, म्हणून आपल्याकडे ती परवडते. पण सर्जनचा हात गोनिओलेन्सवर (कोन दाखवणाऱ्या भिंगावर) बसलेला हवा. डोकं बाजूला वळवून मायक्रोस्कोप तिरका करावा लागतो. मान आखडलेली असेल तर आधीच सांगा.

या शस्त्रक्रियांना मर्यादा आहे. पाणी शेवटी डोळ्यावरच्या शिरांतच जातं आणि त्या शिरांचा स्वतःचाच दाब ८ ते १० असतो. त्यामुळे दाब बहुधा १५-१६ च्या आसपास थांबतो. डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी १२ चं लक्ष्य ठेवलं असेल तर स्टेंटवर पैसे घालू नका, ट्रॅबेक्युलेक्टॉमीचं, म्हणजे पाण्याला डोळ्याबाहेर नवी वाट काढून देणाऱ्या शस्त्रक्रियेचं, बोला. म्हणून दोघांनाही एकच विचारा: 'लक्ष्य दाब किती?'

डिचोलीकर
गोनिओस्कोपीत कोन उघडा लिहिलाय. लक्ष्य १६. बाबा अ‍ॅस्पिरिन घेतात, शिवाय थोडा दमा आहे.

कोन_बघा
दमा असताना टिमोलॉल? हे आजच डॉक्टरांना कळवा, पर्यायी थेंब देता येतात. डोळ्यात घातलेलं औषध अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात जातं. बदल होईपर्यंत थेंबानंतर दोन मिनिटं नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा, पण दम्याला तेवढं पुरेसं नाही.

सुई_आणि_स्टेंट
१६ लक्ष्य असेल तर मोतीबिंदूसोबत करणं पटतं. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. जाळी उघडली की आत रक्त उतरू शकतं. उतरलं तर चार-पाच दिवस धूसर दिसतं, उशाला दोन उशा घेऊन झोपायचं. नंतर स्टेरॉइडचे थेंब असतात आणि काचबिंदूच्या काही रुग्णांत त्यांनीच दाब चढतो, म्हणून दोन ते चार आठवड्यांत दाब तपासायलाच हवा.

तारीख: एसएलटी चवथीच्या आठवड्यातही चालेल. शस्त्रक्रिया मात्र नंतर. स्टुलावर चढून नारळ-सुपारीची घोसं वर बांधणं हे ताज्या डोळ्याला परवडणारं काम नाही. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं) वापरणार असाल तर स्टेंट पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा, ते आधी लेखी घ्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी काउंटरवर कळलं तर घाईत नको तो निर्णय होतो.