एक जण आतल्या खोलीत डाउनलोड लावतो आणि अख्ख्या फ्लॅटचं वायफाय बसतं, हे कसं?

हडपसरकर_भाडेकरू
आम्ही पाच जण एका फ्लॅटमध्ये, प्लॅन 100 एमबीपीएसचा, राऊटर हॉलमध्ये, जुना, टू पॉइंट फोर गिगाहर्ट्झवालाच. एका पार्टनरचा लॅपटॉप म्हातारा आणि खोली सगळ्यात आत, तो काही डाउनलोडला लावतो तेव्हा त्याला तर काही मिळत नाहीच पण मी राऊटरच्या शेजारी बसून पण मला एखाद दुसरा एमबीपीएस. तो इतकं कमी ओढतोय तर बाकीचं जातं कुठं??

तारवाला
बाकीचं वेळेत जातं. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, आणि मूळ नियम पाळीचा आहे, वेळेचा नाही. चाळीतल्या नळावर एकेक हंडा भरायचा ठरलंय पण एकाची नळी बारीक, तसं. डेटा तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो: 1500 बाइटचं पॅकेट तुझ्यासारख्या जवळच्याला 54 एमबीपीएसनं पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, तेच लांबच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला 1 एमबीपीएसनं 12 मिलिसेकंद खातं. म्हणजे तुझं एक त्याचं एक अशी पाळी लागली की दोघांनाही साधारण 1 एमबीपीएसच, प्रत्येक पाळीआधी थांबण्यात वगैरे जाणारा वेळ धरला तर त्याहून कमी. हे जुनंच दुखणं आहे, 2003 मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी 802.11बी या जुन्या वायफायवर मोजून दाखवलं होतं. नव्या राऊटरमध्ये एका पाळीत बरीच पॅकेटं एकत्र जातात म्हणून एवढं टोकाला जात नाही.
राऊटरच्या सेटिंगमध्ये एअरटाइम फेअरनेस दिसतंय का बघ, त्यात प्रत्येकाला सारखा वेळ मिळतो.

आतल्या_खोलीतला
तो म्हातारा लॅपटॉपवाला मीच 😑 भाडं सारखं, नेटचं बिल सारखं, आणि आता मला अजून कमी द्यायचं याला फेअर म्हणायचं का?

तारवाला
मुद्दा बरोबर आहे की. सारख्या पाळ्या दिल्या तर सगळे सारखेच उपाशी, सारखा वेळ दिला तर जवळचा जेवतो आणि तुझं ताट आणखी रिकामं, तुमच्या फ्लॅटमध्ये न्याय कशाला म्हणायचं ते राऊटर ठरवणार नाही. आणि ते सेटिंग मुख्यतः राऊटरकडून येणाऱ्या डेटावर चालतं, तू अपलोड लावलास तर प्रत्येक डिव्हाइस आपली पाळी आपणच मिळवतं. शेजाऱ्याचं वायफाय त्याच चॅनलवर असेल तर तोही रांगेत, त्याला तर तुमचा राऊटर काहीच सांगू शकत नाही.
खरं सांगू का, भांडू नका, आतल्या खोलीला लॅनची केबल टाका. तो वायफाय सोडून तारेवर गेला की रांगच तुटली.

हडपसरकर_भाडेकरू
सेटिंग नाहीये आमच्यात, शोधलं. केबल 20 मीटर लागतेय, घरमालक भोक पाडू देणार नाही म्हणून दाराच्या चौकटीवरनं नेतोय. पैसे पाच जणांत.

आतल्या_खोलीतला
चालेल. पण दार लावताना ती चेपली तर परत बोलू 😄