सगळं समाईक, तर भांडण कशाचं?

नगरी मिरची

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पुन्हा बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा चौथा अध्याय झाला. येशूनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं यरुशलेम. विश्वास ठेवणारे एकजीव होते, कोणी कशाला ‘माझं’ म्हणत नव्हतं, सगळं समाईक होतं. ज्यांच्याकडे जमिनी-घरं होती ते विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा निवडक शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटप होई. कुप्र (सायप्रस) बेटावरच्या बर्णबा नावाच्या लेव्याने (यहूद्यांच्या याजकी वंशातल्या माणसाने) शेत विकलं, त्याचं तर नावानिशी कौतुक आहे.

मराठी बायबलात ‘समाईक’ हाच शब्द आहे. मी शेतकऱ्याची पोरगी. समाईक म्हटलं की मला सातबारा आठवतो. समाईक विहीर, समाईक बांध आणि आजोबांच्या काळापासून चाललेली दिवाणी केस. त्यामुळे पाळक ‘केवढी ही एकी!’ म्हणाले की माझ्या मनात येतं, विहिरीवरची मोटार आधी कोण चालू करायचं?

गंमत म्हणजे ते भांडण पुस्तकात आहे. दोनच पानं पुढे, सहाव्या अध्यायात. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर सुरू झाली. वाटप स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या हातात असणार. तिथे प्रेषितांनी काय केलं? ‘प्रेमाने राहा रे’ म्हणून प्रवचन दिलं नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक, आणि निकलाव तर सीरियातल्या अंत्युखिया शहराचा, जन्माने यहूदीसुद्धा नाही, नंतर यहूदी झालेला. ज्यांच्या ताटात पडत नव्हतं, त्यांच्यातलेच वाढपी नेमले!

माझं म्हणणं एवढंच की त्या मंडळीची खरी एकी चौथ्या अध्यायात नाही, सहाव्यात आहे. आमच्याकडे मात्र चौथा दरवर्षी वाचतात (दानार्पणाच्या पिशव्या फिरायच्या आधी, हा योगायोग समजा) आणि सहावा सेवकांची नेमणूक असली तरच. बोला.

तांबडी माती

मिरचीताई, लेख आवडला, पण क्रांतीचं तुम्ही वाढप-व्यवस्थापन करून टाकलंत. मूळ गोष्ट काय? मालकी मोडली. ‘प्रत्येकाला गरजेप्रमाणे’ हे कृत्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात आहे. अकराव्यात अंत्युखियाचे शिष्य यहूदियाला मदत पाठवतात ती ‘ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे’. दोन्ही तुकडे जोडा. १८७५ मध्ये मार्क्सने लिहिलेलं वाक्य तयार.

पुढे चर्च राजाश्रयाला गेलं आणि ‘समाईक’चं ‘दानधर्म’ झालं. मालकी माझी, उपकारही माझेच. तुम्ही सहाव्या अध्यायाचं कौतुक करता तेव्हा नकळत त्याच बाजूला जाता. वाटप नीट झालं की मालकीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

हिशेबनीस

मालकी मोडली म्हणणाऱ्यांनी पाचवा अध्याय वाचावा. हनन्या आणि सप्पीरा जमीन विकतात, काही रक्कम मागे ठेवतात आणि ‘सगळी आणली’ म्हणतात. प्रेषितांचा म्होरक्या पेत्र हनन्याला सरळ विचारतो: विकायच्या आधी ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना? म्हणजे देण्याची सक्ती नव्हती. गुन्हा खोटं बोलण्याचा. बाराव्या अध्यायात योहान मार्कच्या आईचं, मरीयेचं घर आहे. साधंसुधं नाही, बाहेर दरवाजा, तो उघडायला रुदा नावाची मोलकरीण. प्रार्थनेला बरीच माणसं मावतात. हे घर कोणी विकायला लावलं नव्हतं.

पण मिरचीताई, माझा मुद्दा तुमच्याही विरोधात आहे. शेत विकायचं आणि खायचं, हा धंदा किती दिवस चालणार? समाजवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गनेच १९०५ मध्ये म्हटलं होतं की त्यांचा साम्यवाद खाण्यापिण्यापुरता, उत्पादन समाईक नव्हतंच. पुढे वीसेक वर्षांत पौल हा फिरता प्रचारक मासेदोनिया, अखया, गलतिया असा फिरून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतोय. भांडवल खाल्लं, मग दुसऱ्यांपुढे हात पसरले. आमच्या गल्लीतल्या भिशीचंही असंच झालं होतं, फरक इतकाच की आम्हाला कोणी पौल भेटला नाही.

नगरी मिरची

हिशेबनीस, भांडवल खाल्लं हे मला पटत नाही. रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात, साधारण इ. स. ४६ ते ४८ च्या सुमारास, यहूदियात दुष्काळ पडला. तो काही ख्रिस्ती घरं निवडून पडला नव्हता. यहूदी इतिहासकार जोसेफस लिहितो की अदियाबेने राज्याची राणी हेलेना यरुशलेमला आली होती. तिने माणसं पाठवून अलेक्झांड्रियाहून धान्य आणि कुप्रहून सुकी अंजिरं आणवली आणि शहरात वाटली. ज्यांनी शेतं विकली नव्हती तेही उपाशीच होते. उलट शेत विकून आदल्या वर्षांत ज्या विधवेला दोन वेळचं मिळालं, ती दुष्काळापर्यंत जगली हा हिशेब तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात?

आणि ‘विकत’, ‘आणत’, ‘ठेवत’ ही क्रियापदं बघा. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे, होत राहण्याचा भूतकाळ. एका दिवसात सगळ्यांनी सगळं विकलं नाही. गरज उभी राहील तसं कोणीतरी एक तुकडा विकायचा.

निरीश्वर नाना

तुम्ही तिघंही एक गोष्ट धरून चाललात: हे असं घडलं होतं. कशावरून?

कृत्यांचा लेखक लूक हे लिहितोय तेव्हा त्या दिवसांना निदान एक पिढी उलटून गेलीय. ‘मित्रांचं सगळं समाईक’ ही ग्रीकांची जुनी म्हण, शिकलेल्या ग्रीक वाचकाच्या कानावर असलेली. लूक तीच भाषा उचलून सांगतोय, तुमचे तत्त्ववेत्ते बोलले, आमच्या कोळ्यांनी करून दाखवलं. प्रचार म्हणून झकास. पण ज्याची पत्रं लूकच्या आधीची आहेत त्या पौलाला विचारा एकीबद्दल. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो, अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवायचा, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तसा पानावरून उठून बाजूला झाला. बर्णबासुद्धा! तुमचा तो शेत विकणारा. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत झापलं. ही एकी?

आणि करिंथ. तिथल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीतल्या सामुदायिक जेवणाला) जमतात आणि ज्याचं तो आधीच खाऊन घेतो, एक उपाशी तर एक झिंगलेला. रोमी काळच्या बऱ्यापैकी घरातल्या जेवणाच्या दालनात पहुडून जेवायला नऊ-दहा माणसांची सोय, बाकीचे अंगणात. कोणाला आत आणि कोणाला अंगणात बसवलं असेल हे महाराष्ट्रात सांगायला लागू नये.

कोरडवाहू

नाना, नाही लागत सांगायला. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा मराठवाड्यातल्या एका गावात झाला. गाव आणि मंडळी लिहीत नाही. ते सांगायचे, प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा, पण कुठल्या बाकापासून सुरू व्हायचा ते ठरलेलं होतं. आमच्या बाकापर्यंत यायचा तेव्हा तळाशी पाव बुडालेला असायचा. आजोबा तरीही शेवटपर्यंत जात राहिले. का, ते मला कळलं नाही आणि विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून मला तांबडी मातींचा उत्साह आणि मिरचीताईंचं समाधान दोन्ही थोडं स्वस्त वाटतं. पौल करिंथकरांना शेवटी काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा. भूक लागली असेल तर घरी खाऊन या. दालन मोडून अंगणात बसा असं नाही म्हणत.

वसईचा केळेवाला

नानांना घरची साक्ष चालत नाही, तर विरोधकांची घ्या. दुसऱ्या शतकातला लूशियन हा थट्टेखोर ग्रीक लेखक. पेरेग्रिनस नावाच्या भोंदूची त्याने टवाळी केलीय. हा बाबा ख्रिस्ती म्हणून तुरुंगात पडतो, तर सकाळपासून म्हाताऱ्या, विधवा, पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी, जेवण आत जातंय, आशियातल्या गावांतून समाईक खर्चाने माणसं येतायत. लूशियनला हसू येतं की हे लोक सगळं समाईक मानतात, कोणीही हुशार माणूस येऊन त्यांना लुबाडेल. थट्टा करायला आधी तशी ख्याती लागते ना?

मग रोमन सम्राट जुलियन. साल ३६२. ख्रिस्ती धर्म सोडून जुने देव परत आणायला निघालेला. आपल्या पुरोहिताला चिडून लिहितो की हे देवद्रोही गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. शत्रूने वैतागून दिलेलं सर्टिफिकेट आहे हे. आणि आकडा हवा तर, साधारण २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेल्य पत्रात लिहितो की त्यांची मंडळी १५०० हून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते. तोवर चर्चला राजाश्रय सोडाच, कायदेशीर मान्यताही नव्हती. तांबडी मातींनी हे लक्षात घ्यावं, दानधर्म राजवाड्यातून आला नाही.

निरीश्वर नाना

केळेवाले, ख्याती मान्य. मदत करायचे, मान्य. पण त्या समाईक पेटीचं तोंड कुठे बंद व्हायचं तेही सांगा की. अंत्युखियाचा इग्नाती, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप. पॉलीकार्प या दुसऱ्या बिशपला लिहितो की गुलामांनी मंडळीच्या पैशातून आपली सुटका व्हावी अशी आस धरू नये. समाईक पेटी, एकजीव समुदाय आणि त्यातला एक जीव दुसऱ्याच्या मालकीचा!

तांबडी माती

नाना, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. इथेच तर मी म्हणत होतो की मालकीचा प्रश्न गिळला.

वसईचा केळेवाला

इग्नातीचं ते वाक्य मलाही बोचतं, सारवासारव करत नाही. पण तो मना करतोय याचा अर्थ लोक मागत होते, आणि मागत होते म्हणजे कुठेतरी मिळत असणार. आणि त्याच्याही थोडं आधी, पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमहून करिंथला गेलेलं क्लेमेंटचं पत्र आहे. त्यात ओझरता उल्लेख येतो: आपल्यातल्या कित्येकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं आणि आलेल्या पैशातून दुसऱ्यांना जेवू घातलं. बर्णबाने शेत विकलं ते ठीक. यांच्याकडे विकायला शेत नव्हतं. बर्णबाचं नाव राहिलं, यांचं एकाचंही नाही.

कोरडवाहू

हे माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

हिशेबनीस

विषय थोडा हलका करतो. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा जहाजांच्या धंद्यातला श्रीमंत माणूस रोमच्या मंडळीत आला आणि दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिली. पुढे त्याची शिकवण पटली नाही, १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि पैसे परत केले. पूर्ण! तेर्तुल्यन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने नोंदवलंय. मी तीस वर्षं संस्थांचे हिशेब तपासतोय. देणगीदाराशी वाजलं म्हणून देणगी परत, अशी नोंद एकदाही पाहिली नाही. कोनशिला काढतात, पैसे ठेवतात.

आणि पौलाच्या वर्गणीबद्दल मी वर तिरकं बोललो, त्यात एक भर टाकतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो रक्कम एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, आणि कारण लिहून ठेवतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. हा अध्याय मात्र मला मनापासून आवडतो.

नगरी मिरची

बघा, हिशेबनीस हळूहळू माझ्या गोटात येतायत. ज्यांचे पैसे त्यांचाच माणूस बरोबर. सहाव्या अध्यायात ज्यांच्या विधवा, त्यांचेच वाढपी. तीच रीत.

कोरडवाहूंना ‘समाधान स्वस्त’ वाटलं, तो फटका योग्य जागी बसला. सात माणसं नेमली म्हणून सगळं नीट झालं असं पुस्तकही म्हणत नाही. विधवांना नंतर पोटभर मिळालं का, याबद्दल एक ओळ नाही. सातांपैकी स्तेफनाला पुढच्याच अध्यायात दगडमार होतो, फिलिप शोमरोनाकडे निघून जातो. म्हणजे नवे वाढपी फार दिवस पळी धरून राहिले असंही नाही.

निरीश्वर नाना

शिवाय ग्रीक नाव म्हणजे ग्रीक गटाचा, हेही पक्कं नाही. बारा प्रेषितांतल्या अंद्रिया आणि फिलिपचीही नावं ग्रीकच, माणसं गालीलाची. सात नावांवर तुम्ही फार मोठा इमला बांधलात.

नगरी मिरची

बारांत दोन ग्रीक नावं आणि सातांत सात, यात फरक आहे नाना. भाषेवरून भांडण पेटलेलं असताना लोकांनी सातही तशीच निवडली. पण पैज लावणार नाही.

तांबडी माती

शेवटचा प्रश्न. पौलाची वर्गणी यरुशलेमला पोचली, मग याकोबाने आणि वडीलमंडळींनी ती घेतली का? रोमकरांना लिहिताना पौलालाच धाकधूक दिसते, ‘माझी सेवा पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा’ म्हणतो. ज्यांच्यासाठी आणली त्यांनाच नको असेल तर?

हिशेबनीस

लूक पौलाच्या येण्याचं वर्णन एकविसाव्या अध्यायात सविस्तर करतो, कोण भेटलं, काय बोलणं झालं, सगळं. पैशाबद्दल तिथे अवाक्षर नाही. पुढे चोविसाव्यात पौल राज्यपालासमोर ‘माझ्या लोकांना दानधर्म घेऊन आलो होतो’ एवढंच म्हणतो. जावक नोंद आहे, आवक पावती नाही.

नगरी मिरची

ही चर्चा आमच्या मंडळीच्या खजिनदारकाकांना दाखवली. कापणीच्या सणाच्या लिलावात गावठी कोंबडीचं एक अंडं दोनशे रुपयांना घेणारे हेच ते, आणि ते दोनशे अजून त्यांच्याच नावावर बाकी आहेत. सगळं शांतपणे वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सात जण नेमले ते कळलं. वही कोणाकडे होती?”